हिशेब मागितल्याने ताल चुकत नाही

वॉरंट या अमेरिकन रॉक बँडमध्ये ड्रम वाजवलेला बॉबी बोर्ग पुढे वादकांना धंदा शिकवणारी पुस्तकं लिहू लागला. करार कसा वाचावा, बँडमधल्या वाटण्या केव्हा ठरवाव्यात, मॅनेजरचा हिस्सा किती असावा, हे त्याचे विषय. नाशिकच्या एखाद्या तरुण ड्रमरने किंवा ढोलवादकाने असं पुस्तक उघडलं, की जाणती मंडळी तीन आक्षेप घेतात. कला ही साधना आहे, तिथे पैशाची भाषा नको. हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याकडे चालणारं नव्हे. आणि ज्यांनी गाण्याचा व्यवहार मांडला, ते शेवटी बुडालेच. तिन्ही आक्षेप सात्त्विक दिसतात. तपासले की एकही टिकत नाही.

साधनेचाच दाखला हवा असेल तर तो नाशिकमध्येच आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात इथे आले आणि रामनाम आधार आश्रमात रमले. त्यांच्या भक्तीबद्दल कोणी शंका घेणार नाही. पण याच माणसाने 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते एखाद्या संस्थानिकाच्या मर्जीवर विसंबून नव्हे. देणग्या आणि मैफलींचं उत्पन्न यांच्या बळावर. त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, स्वतःची स्वरलिपी बसवून पाठ्यपुस्तकं छापली, विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेतल्या. श्रोत्यांकडून तिकिटाचे पैसे घेतल्याने त्यांचं रामनाम बाटलं नाही. उलट दरबाराबाहेर, चार लोकांत मानाने बसण्याची जागा गवयाला मिळाली.

यावर तिसऱ्या आक्षेपवाल्यांचा हुकमी प्रश्न येतो : मग विष्णु दिगंबरांच्या मुंबईतल्या महाविद्यालयाची इमारत 1924 साली लिलावात का गेली? गेली हे खरं. पण ती तिकिटं लावल्यामुळे गेली नाही, कर्जामुळे गेली. संस्थेचा विस्तार मोठा आणि उत्पन्नाचा भार मुख्यतः एका गवयाच्या गळ्यावर, असा तो मेळ होता. यातून ‘व्यवहार करू नये’ हा धडा निघत नाही. ‘व्यवहार कच्चा ठेवू नये’ हा निघतो. पुढचा इतिहास पाहा. वास्तू गेली, पण अभ्यासक्रम, परीक्षा आणि तयार झालेले शिक्षक उरले. 1931 साली विष्णु दिगंबर गेले. त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं आणि त्याच्या परीक्षांना आजही मुलं बसतात. जे नियमात आणि कागदावर बसवलं होतं, ते कर्त्याच्या माघारीही टिकलं.

आता दुसरा आक्षेप. अमेरिकन पुस्तकातलं सगळं इथे लागू पडत नाही, हे मान्य. पण आपला कायदा तरी आपण कुठे वाचतो? भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराच्या स्वामित्वधनाचा वाटा निर्मात्याला सहजासहजी लाटता येत नाही. कलम 38अ गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही व्यावसायिक वापराच्या मोबदल्याचा हक्क देतं. हे अमेरिकेचं नव्हे, आपल्या संसदेने केलेलं आहे. न वाचता सही करणाऱ्याच्या हातून मात्र ते निसटतं.

आणि करार वाचण्याचा सल्ला देणारा बोर्ग ड्रमर असावा, हे योगायोगाचं वाटत नाही. चाल बांधणारा संगीतकार ठरतो, शब्द लिहिणारा गीतकार. ताल बसवणाऱ्याला मात्र बहुधा एका रेकॉर्डिंगचे ठरलेले पैसे मिळतात आणि विषय संपतो. गाणं वीस वर्षं वाजलं तरी त्याच्या वाट्याला काय येणार, हे त्याने पहिल्या दिवशी काय लिहून घेतलं यावर अवलंबून. बँडमध्ये ज्याच्या नावावर चाल नाही, त्यालाच करार सर्वांत आधी शिकावा लागतो.

‘नाशिक ढोल’ हे नाव आज केरळातल्या उत्सवांत आणि निवडणुकीच्या मिरवणुकांतही गाजतं. तिथली पथकं वाजवतात, बिदागी त्यांची; यात गैर काही नाही, कारण परंपरेच्या ठेक्यावर कोणा एकाची मालकी नसते. पण म्हणूनच इथल्या वादकाने ‘आमच्या ढोलाचं नाव किती मोठं’ यावर समाधान मानू नये. नावाने पोट भरत नाही. त्याच्या मालकीचं आहे ते एवढंच : स्वतःचा हात, पथकाची शिस्त आणि बोलून-लिहून ठरवलेली सुपारी.

‘आम्ही सेवा म्हणून वाजवतो’ असं म्हणणाऱ्या पथकांबद्दल आदरच आहे. फुकट वाजवायचं हे वादकाने स्वतः ठरवलं तर ती सेवा; दुसऱ्याने त्याच्यासाठी ठरवलं तर ते शोषण. मिरवणुकीतल्या ट्रकवाल्याला, मांडववाल्याला, ढोलाची पानं बसवणाऱ्याला कोणी सेवेचं प्रवचन देत नाही. आणि पथकाला सुपारी मिळत असेल, तर ती कुठे जाते हे टिपरू धरणाऱ्या शेवटच्या पोरालाही कळायला हवं. हिशेब उघडा ठेवला तर सेवेचं पावित्र्य वाढतं.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. तालमीला बसतो तसाच वादकाने कागदालाही बसावं. बँड जमला की पहिल्या कार्यक्रमाआधी वाटण्या आणि नावाची मालकी लिहून काढावी. सुपारी घेताना वेळ, मोबदला, आगाऊ रक्कम आणि कार्यक्रम रद्द झाल्यास काय, हे चार मुद्दे ठरवावेत. रेकॉर्डिंगच्या करारात मुदत, प्रदेश आणि श्रेयनाव तपासावं. स्वतःची चाल असेल तर 1969 पासून चालत आलेल्या आयपीआरएस या स्वामित्वधन गोळा करणाऱ्या संस्थेत नोंद करावी. नाशिकच्या संगीतवर्गांनी वर्षातून एक दिवस तरी करार वाचण्याला द्यावा.

पैशाचं बोलणं कलावंताला शोभत नाही, असं सांगणाऱ्याला एकच विचारावं : कार्यक्रमाच्या तिकिटाचे पैसे कोणाकडे जमा होतात? बहुतेक वेळा हा उपदेश तिथूनच येतो.