शेवटच्या ओळीतला नंबर

दिवाळी अंकातली कथा संपली की खाली लेखकाचे पूर्ण नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर छापायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. यंदा आमच्या अंकात ती ओळ दिसणार नाही. मुद्रितशोधकाकडून राहिलेली नाही, आम्ही ती ठरवून काढली आहे आणि त्यापायी गेले दोन महिने बोलणी खातो आहोत, विशेषतः कवींची. ‘नंबरच नाही, तर वाचकाचा फोन येणार कसा?’ असे एकाने विचारले. कवीला वाचकाचा फोन येणे ही केवढी गोष्ट असते, हे मला कळते. बोलण्याच्या ओघात मानधनाचा विषय निघू नये म्हणून मी वाद वाढवला नाही, एवढेच.

ओळ काढण्याचे कारण फेब्रुवारीतले आहे. आमच्याकडे वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या एक बाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सकाळी फोन आला की तुमच्या नावाचे पार्सल विमानतळावर अडकले आहे, आत अमली पदार्थ आहेत. मग व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी, शिक्क्याचा कागद, वॉरंट. कॅमेरा बंद करायचा नाही, मुलाला कळवायचे नाही, ‘तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात.’ चार तास हे चालले. शेवटी मुदत ठेव मोडून ‘तपासणीपुरते’ पैसे पाठवायला त्या बँकेत गेल्या, पर्समध्ये फोन चालूच. काउंटरवरच्या मुलीने त्यांचा चेहरा पाहिला, खुर्ची दिली, पाणी दिले आणि हळूच फोन काढून घेतला. पैसे वाचले.

व्हिडिओ कॉलवर अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही, हे बाईंनी वाचलेले होते. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मधून सांगितले तेही ऐकले होते. ‘मग?’ मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘अहो, त्याला ह्यांचे नाव ठाऊक होते. फ्लॅटचा नंबर ठाऊक होता. सरकारशिवाय हे कुणाला माहीत असणार, असे वाटले मला.’

घरी येऊन मी आमचे मागचे अंक काढले. बाईंच्या प्रत्येक कथेखाली सगळे होते. पूर्ण नाव, म्हणजे मराठी रिवाजाप्रमाणे मध्ये यजमानांचे. फ्लॅट, सोसायटी, पिनकोड, मोबाइल. पुढे आमचाच कोलोफोन: सर्व हक्क राखीव.

माहिती आमच्या अंकातूनच गेली, असे नाही. तिला जायला शंभर वाटा आहेत. सोसायटीच्या फाटकावरची वही घ्या: प्रत्येक पाहुण्याने वरच्या पाहुण्याचा नंबर वाचत वाचत आपला लिहायचा. झेरॉक्सच्या दुकानातला बिघडलेल्या प्रतींचा ढीग घ्या. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लोक हिशेब करतात, पुढच्या बाजूला कुणाचे तरी आधार कार्ड असते. आणि माझा वर्षभराचा खरा वैताग म्हणजे दुकानातले ते वाक्य: ‘सर, मोबाइल नंबर बोला.’ चाळीस रुपयांची बॉलपेनची रिफिल घेतली तरी बोला. मी एकदा ‘नाही’ म्हणालो तर ‘सिस्टीम पुढे जात नाही’ असे उत्तर आले, आणि मागच्या रांगेने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच काही लपवतो आहे. शेवटी त्या मुलाने स्वतःचाच नंबर टाकून बिल फाडले. नंबरासाठी अडवणूक करू नका, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना २०२३ सालीच कळवले आहे. सिस्टीमला कुणी कळवलेले दिसत नाही.

वर उपदेश मात्र आपल्यालाच. कालपरवापर्यंत कुणालाही फोन लावा, आधी अमिताभ बच्चन सावध करणार, मग पलीकडची घंटी वाजणार. ओटीपी देऊ नका, पिन देऊ नका. खरेच आहे, पैसे यायला यूपीआयचा पिन लागत नाही, जायलाच लागतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ वाचते. पण ज्यांनी माहिती गोळा करून उघड्यावर टाकली, त्यांच्यासाठी अशी एखादी धून कुणी वाजवली का? आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने मे २०२२ मध्ये एकदा धीर केला होता, वाटेल त्याला आधारची झेरॉक्स देऊ नका म्हणून. दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतले गेले, लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून. लोकांनी बरोबर अर्थ काढला असता, ही खरी भीती असावी.

आणि कुणी फसले की आपण विचारतो, ‘शिकलीसवरलेली माणसे फसतातच कशी?’ ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी पुण्याच्या कॉसमॉस बँकेची व्यवस्था चोरांनी चकवली. बँकेच्या यंत्रणेऐवजी त्यांचीच बनावट यंत्रणा ‘पैसे द्या’ म्हणत राहिली आणि बनावट कार्डांवर काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या, आपल्या कोल्हापुरातूनसुद्धा. सोमवारी उरलेला हात हाँगकाँगच्या खात्यावर मारला. एकूण ९४ कोटी. तेव्हा ‘बँक शिकलेली असून कशी फसली?’ असे कुणी विचारले नाही. तिथे तो ‘सायबर हल्ला’ असतो. बाईंच्या बाबतीत बावळटपणा.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. दावा लावणारे के. एस. पुट्टस्वामी हे निवृत्त न्यायमूर्ती, निकाल लागला तेव्हा नव्वदी ओलांडलेले. २०२३ मध्ये माहिती संरक्षणाचा कायदा झाला, यंदा जानेवारीत नियमांचा मसुदा आला. हा अंक छापायला जाईपर्यंत अंमल मसुद्यातच होता.

बाकी वर्षाचे काय सांगू? मे महिन्यात जयंत नारळीकर गेले. पहिलीपासूनच्या हिंदीचा जीआर आला आणि गेला. सप्टेंबरात मराठवाड्यात शेतीसकट माती वाहून गेली. यंदाच रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आणि आमचे टपालाचे गणित विस्कटले. यंदाच्या विशेष विभागाचा विषय ‘उंबरठा’ आहे. तो या सगळ्याच्या आधीच ठरला होता, तरी उंबऱ्यावर कोण थांबणार आणि कोण आत येणार हे घरातल्याने ठरवायचे असते, एवढ्या धाग्यावर तो इथे टाचून घेतो. विभागातले लेख याहून चांगले जुळलेले आहेत.

तर लेखकांना काही कळवायचे असेल तर कार्यालयाच्या पत्त्यावर पत्र पाठवा, आम्ही पोचवू. एका पुस्तक विक्रेत्याने वर्गणीदारांची यादी मागितली होती, जाहिरातीचे अख्खे पान देऊ करून. ते पान तुम्हाला अंकात दिसणार नाही. आणि उत्तर हवे असेल तर पाकिटावर तुमचा पत्ता लिहायला विसरू नका. उत्तर टपालात पडले की पाकीट फाडून टाकू, पाठकोरे म्हणून ठेवणार नाही.

— संपादक
दिवाळी २०२५