थर्माकोलचे बेथलेहेम

धर्मशिक्षणाच्या वर्गांचे वार्षिक प्रदर्शन पाहण्याचा योग आम्हांला काही काळापूर्वी एका धर्मग्रामात आला. सभागृहाच्या भिंतीलगत लांबलचक टेबलावर नोहाची तारवे मांडली होती. तारवे एकूण बत्तीस. सर्वांचा रंग तपकिरी, सर्वांच्या माथ्यावर एकच इंद्रधनुष्य आणि सर्वांच्या खिडकीतून डोकावणारा जिराफ एकाच साच्यातून कापलेला. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आपले तारू दाखवायला आईला घेऊन आला. तो पहिल्या तारवापासून शेवटच्या तारवापर्यंत गेला, परत फिरला आणि अखेरीस एकेक तारू उलटे करून तळाशी लिहिलेले नाव वाचू लागला. स्वतःच्या हातची वस्तू त्याला ओळखता येईना. ओळखावी तरी कशी? बाईंनी कापून दिलेल्या तुकड्यांना त्याने डिंक लावला होता, एवढाच त्याचा त्या तारवाशी संबंध.

पलीकडच्या टेबलावर गोठ्यांची स्पर्धा होती. प्रथम पारितोषिक मिळालेले बेथलेहेम संपूर्ण थर्माकोलचे होते. त्यात धबधबा होता, विजेवर फिरणारी पवनचक्की होती आणि वर चंदेरी चकाकीचा सडा. चौथीतल्या मुलीचे नाव त्यावर झळकत होते. त्या मुलीविषयी आमच्या मनात कोणताही किंतु नाही. मात्र त्या बेथलेहेमला आईचा, मावशीचा आणि बहुधा एखाद्या सजावटकार मामाचा हात लागला होता, हे सांगायला परीक्षकाची गरज नव्हती. ज्या मुलाचे आई-वडील दोघेही पहाटेची गाडी पकडून मुंबईला कामाला जातात, त्याने या स्पर्धेत उतरायचे तरी कसे? गव्हाणीत जन्मलेल्या बाळाच्या नावाने भरवलेल्या स्पर्धेत ज्याच्या घरी पैसा व फुरसत अधिक त्याने जिंकावे, हे आम्हांला सहन होत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

धर्मशिक्षणात हस्तकला नकोच, असे म्हणणारीही काही ज्येष्ठ मंडळी आहेत. आम्ही प्रश्नोत्तरे घोकून मोठे झालो, आमचे काय बिघडले, असा त्यांचा सवाल असतो. त्यांच्या पाठांतराचा आम्ही आदर करतो; पण या पक्षात आम्हांला गणू नये. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेल नावाचा कारागीर भेटतो. परमेश्वराने त्याला आपल्या आत्म्याने भरले ते सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांवर काम करण्यासाठी. मार्काच्या शुभवर्तमानात नाझरेथचे लोक प्रत्यक्ष प्रभूला ‘सुतार’ म्हणून ओळखतात. असा वारसा असलेल्या समाजाने हाताच्या कामाला रिकामपणाचा उद्योग मानू नये. आमचे भांडण हस्तकलेशी नाही, तिच्या नावाने जे चालते त्याच्याशी आहे.

पहिला दोष असा की, वस्तू ठरवताना पवित्र शास्त्र कोणी उघडतच नाही. वस्तू बाजारातल्या तयार संचातून येते आणि वचन मागाहून तिच्यावर चिकटवले जाते. मग योनाला गिळणारा देवमासा होतो. शास्त्रात आहे केवळ एक मोठा मासा. पाचूबंदरच्या कोळ्याच्या मुलाला मोठा मासा म्हणजे काय, हे संचातून शिकायचे आहे काय? कागद-खडू दिला तर तो घोळ काढील आणि त्याच्या कल्ल्यांसह काढील. ज्ञानी पुरुष तीन होते असे मत्तय कोठेही सांगत नाही. तीन भेटवस्तूंवरून आपण तो हिशेब केला. गोठ्यातील बैल आणि गाढव शुभवर्तमानात नाहीत, ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून आपल्या गोठ्यात आले. परंपरेने आणले म्हणून ते काढून टाका, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु मातीचा बैल वळणाऱ्या मुलाने ‘हा कोठून आला?’ असे विचारावे आणि धर्मशिक्षकाने यशया उघडून दाखवावा, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

त्या बत्तीस तारवांचेच पाहा. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात तारवाचे माप आहे: लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास हात, उंची तीस हात. ‘हात’ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. आपल्या आजीने लुगड्याचे कापड याच मापाने मोजले. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला इंच-फूट सांगावे लागतील, पण त्याचा हात त्याच्याजवळच आहे! चर्चच्या आवारात एक लांब सुंभ न्यावा आणि एकामागून एक मुलाने आपल्या हाताने मोजून दर दहा हातांवर गाठ मारावी. मोठ्या माणसाच्या हाताने तीनशे हात म्हणजे सुमारे १३५ मीटर. बहुतेक आवारे अपुरी पडतील, सुंभ फाटकाबाहेर रस्त्यावर जाईल आणि मुले आ वासून उभी राहतील. मग वर्गात परतून ३० सेंटिमीटर लांब, ५ रुंद आणि ३ उंच अशी पुठ्ठ्याची पेटी करावी. तिला नाळ नको, सुकाणू नको, शीड नको. शास्त्रात त्यांपैकी काहीच नाही. मूळ हिब्रूमध्ये तारवाला ‘तेबा’ म्हटले आहे, आणि हाच शब्द पुढे एकदाच भेटतो: बाळ मोशेला नदीकाठी ज्या लव्हाळ्यांच्या पेटीत ठेवले, तिच्यासाठी. दोन्ही पेट्यांना डांबर लावलेले आहे, दोन्हींत पाण्यापासून वाचवलेले जीव आहेत. शेजारी शेजारी या दोन पेट्या करणारे मूल जे शिकेल, ते शिकवायला आम्हांला चार प्रवचने लागतील. आणि त्या मुलाला आपली पेटी ओळखायला तळाचे नाव वाचावे लागणार नाही. तिचा एक कोपरा हमखास वाकडा असेल.

दुसरा दोष साहित्याचा. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली. गणेशोत्सवातील थर्माकोलच्या सजावटीसाठी सवलत मागितली गेली, तीही त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने नाकारली. त्याआधी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढून पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीला आपले समाईक घर म्हटले होते. त्या परिपत्रकावर आपल्याकडे व्याख्याने झाली, ती आम्हीही ऐकली. व्याख्यान संपल्यावर ज्या कपाटात माईक ठेवला जातो, त्याच कपाटात गेल्या नाताळचे थर्माकोल रचून ठेवलेले असते. मुले हे पाहतात.

आणि आपल्याला तरी या उसन्या साहित्याची गरज का पडावी? इ.स. १२२३ च्या नाताळात संत फ्रान्सिस असिसीकर यांनी ग्रेच्चो गावी पहिला गोठा केला, तेव्हा तेथे गवत होते, बैल होता, गाढव होते. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्चोत जाऊन गोठ्याविषयीच्या पत्रावर सही केली. गोठा कसा मांडला याला फारसे महत्त्व नाही, तो आपल्या जगण्याशी बोलला पाहिजे, असा त्या पत्राचा आशय आहे. आपल्याकडे अनेक घरांत नाताळच्या आधी परडीत नाचणी किंवा गहू पेरून गोठ्यासाठी हिरवळ उगवली जाते. ते रोज पाणी घालणे, वर येणारा तो कोंब! योहानाच्या बाराव्या अध्यायातला गव्हाचा दाणा मुलाला याहून स्पष्ट कोण दाखवील? क्रेप कागदाच्या हिरवळीला पाणी घालावे लागत नाही, हीच तिची मोठी सोय मानली जाते. आम्हांला तेच तिचे मोठे वैगुण्य वाटते.

सर्वांत अधिक खंत वाटते ती झावळीची. माडाच्या झावळीची एक पात घ्यावी, मधला हीर काढावा. दोन लांब पट्ट्या हाती येतात. एक उभी धरून दुसरी तिच्यावरून तिरकी घ्यायची, मागून फिरवून उलट तिरकी आणायची, टोक आत खोचायचे. क्रूस तयार होतो. पहिला सैल होतो, दुसरा वाकडा होतो, तिसरा चांगला जमतो. हे आम्ही आमच्या आजोबांच्या मांडीशी बसून शिकलो. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेला तो क्रूस घरच्या वेदीमागे वर्षभर सुकत राहतो आणि पुढल्या वर्षी राखेच्या बुधवारापूर्वी चर्चमध्ये परत जातो. तेथे जाळून केलेली राख कपाळावर लागते. आपणच दुमडलेली हिरवी पात राख होऊन आपल्याच कपाळी आली, हे ज्या मुलाला कळले, त्याला ‘माणसा, तू माती आहेस’ याचा अर्थ वेगळा सांगावा लागेल काय? आता कित्येक ठिकाणी तयार क्रूस दारातच हाती दिले जातात. गर्दी असते, वेळ नसतो, हे आम्ही समजू शकतो. पण आदल्या शनिवारी दुपारी मुलांना झावळीभोवती बसवायला कोणाची हरकत होती?

आमचे धर्मशिक्षक यावर म्हणतील की, चाळीस मुले, पाऊण तास आणि एक खोली. पाटावर बसून सल्ला देणे सोपे असते. त्यांचे म्हणणे खरे आहे. ही माणसे आठवडाभर नोकरी करून रविवारी विनामोबदला येतात, आणि साचा वापरतात तो वेळेत वर्ग सुटावा म्हणून. त्यांच्यावर ठपका ठेवण्याचा आमचा हेतू नाही. ठपका आपल्या सर्वांवर आहे. कारण प्रदर्शनात आपण रांगेने सारख्या मांडलेल्या तारवांकडे पाहून ‘किती छान, किती नीटनेटके’ म्हणतो आणि वाकड्या पेटीपुढे थबकत नाही. बाईंनी तरी काय करावे? वर्षात बारा वस्तूंऐवजी तीनच होऊ द्याव्यात, एकेका वस्तूला तीन-तीन रविवार द्यावेत. पालकांपैकी चार जणांनी वर्गात बसावे, घरी गोठा सजवायला नव्हे, तर गाठ मारायला मदत लागेल तेथे मदत करायला. वर्गात आवाज होईल, फरशीवर चिखल होईल; सांडलेला डिंक निघतो.

राहिला पैशाचा प्रश्न. धर्मग्राम परिषदेच्या येत्या बैठकीत गोठा स्पर्धेच्या पारितोषिकांचा खर्च मंजुरीसाठी येईल, तेव्हा आमच्या वाचकांपैकी जे परिषदेवर असतील त्यांनी एवढेच सुचवावे: यंदा ढाली व चषक आणू नयेत. त्या रकमेत बोथट टोकाच्या वीस कात्र्या, सुंभाची दोन बंडले आणि एक गोणी माती घ्यावी. कात्र्या मात्र कपाटात कुलूपबंद ठेवू नयेत.