कुंपणाचा पैसा



शेताला कुंपण घालायचे म्हटले की पहिला प्रश्न काट्यांचा किंवा तारेचा नसतो, पैशाचा असतो. मग अख्ख्या शहराला दगडी कुंपण घालायचे झाले तर? दोन-दोन मैलांचा तट, त्याला बुरूज, वेशी आणि बाहेरून खंदक. हा खर्च सोसायचा कुणी? आज तुम्हांला इंग्लंडातल्या सात-आठशे वर्षांपूर्वीच्या शहरांची हकीकत सांगतो. ही हकीकत लढाईपेक्षा बाजाराची अधिक आहे, आणि त्या बाजारात धान्य, लोकर, गुरे घेऊन येणारा माणूस तुमच्यासारखाच शेतकरी होता.

त्या काळी राजा आपले किल्ले आपल्या खजिन्यातून बांधी. शहरांचा तट मात्र बहुधा शहरांनीच उभारायचा असे. शहराजवळ एवढी गंगाजळी कुठली? मग ते राजाकडे अर्ज करी आणि राजा पैशाऐवजी परवानगी देई. "तुमच्या बाजारात विक्रीला येणाऱ्या मालावर पट्टी घ्या आणि तिच्यातून तट बांधा." या पट्टीचे नाव म्युरेज. लॅटिन भाषेत मुरुस म्हणजे भिंत, त्यावरून हे नाव पडले. आपण तिला तटपट्टी म्हणू. वेल्सच्या सरहद्दीजवळच्या श्रूजबरी शहराला 1220 च्या सुमारास अशी परवानगी मिळाली. पहिल्या काही परवानग्यांपैकी ती एक. तेव्हा गादीवर तिसरा हेन्री हा लहान वयाचा राजा होता. पुढे इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडमधल्या कितीतरी शहरांनी हाच रस्ता धरला. पुलासाठी आणि फरसबंद रस्त्यासाठीही अशाच वेगळ्या पट्ट्या निघाल्या.

आता या परवानगीतली कलमे नीट पाहा, कारण खरी गोम तिथेच आहे. पहिले कलम, पैसा तटासाठीच वापरायचा. दुसरे, पट्टी कायमची नाही. ठराविक वर्षांची मुदत, ती संपली की वसुली बंद. तिसरे, कोणत्या मालावर किती घ्यायचे याची यादी सनदेतच लिहिलेली. चौथे, पट्टी विकायला आणलेल्या मालावर घ्यायची.

यादीत घोडा, बैल, गाय, मेंढरे, डुकरे, धान्य, लोकर, कातडी, मीठ, मासळी, कापड, लोखंड, दारू असे सारे काही असे. विक्रीच्या बैलामागे किंवा गाईमागे बहुधा अर्धी पेनी पडे. बारा पेन्सचा एक शिलिंग. तेराव्या शतकाच्या अखेरीस मजुराला दिवसाला दीड-दोन पेन्स मिळत आणि बैलाची किंमत साधारण दहा-बारा शिलिंग असे. म्हणजे एका बैलामागची पट्टी मजुराच्या दिवसाच्या कमाईच्या पाव हिश्शाच्या आसपास. 1280 च्या सुमारास अर्ध्या पेनीचे गोल नाणे निघाले. त्याआधी लोक पेनीचेच कापून दोन तुकडे करीत. एकेकाला भार थोडा, पण थेंबे थेंबे तळे साचे.

हे थेंब सांडू नयेत म्हणून बाजाराला शिस्त हवी. माल वेशीतूनच आत यावा, नेमलेल्या दिवशी, नेमलेल्या जागीच विकला जावा. वाटेतच शेतकऱ्याला गाठून त्याचा माल उचलणारा व्यापारी गुन्हेगार ठरे आणि त्याला दंड होई. हा नियम काही तटपट्टीसाठी केलेला नव्हता. माल दडवून भाव चढवू नयेत हा त्याचा हेतू. पण उघड्या बाजारात आलेला माल नजरेत राही आणि पट्टी चुकत नसे, हा दुहेरी फायदा शहरांना मिळाला.

सगळे मात्र सारखे भरत नव्हते. ज्यांचा राजदरबारी वशिला, त्या शहरांनी माफीच्या सनदा मिळवल्या. त्यांचे व्यापारी दुसऱ्या गावच्या वेशीवर सनद दाखवून मोकळे जात. मठांनाही सवलती होत्या आणि त्यावरून तंटे होत. खेड्यातल्या गाडीवानाकडे कसली सनद असणार? तो आपला मुकाट्याने पट्टी भरी.

आणि कधी कधी कुंपणच शेत खाऊ लागे. यादीत नसलेल्या मालावर पट्टी घ्यायची, ठरल्यापेक्षा जास्त घ्यायची, जमलेला पैसा भलतीकडेच वळवायचा, अशा तक्रारी राजापर्यंत पोचू लागल्या. 1275 साली पहिल्या एडवर्ड राजाच्या कारकिर्दीत वेस्टमिन्स्टरचा कायदा झाला. त्यात स्पष्ट लिहिले की, जे शहर ठरवून दिलेल्या रीतीबाहेर तटपट्टी घेईल त्याची परवानगी कायमची जाईल आणि वर जबर दंड बसेल. तक्रार आली की हिशेब तपासायला राजा माणसेही नेमी.

कॉव्हेंट्री शहराचेच पाहा. 1329 साली परवानगी मिळाली, पण काम सुरू व्हायला 1355 च्या आसपासचा काळ उजाडला. पट्टी पुरेना, म्हणून रहिवाशांकडूनही पैसा उभारावा लागला. तट पुरा व्हायला पावणेदोनशेहून अधिक वर्षे लागली. ज्याने पहिल्या दगडासाठी पट्टी भरली त्याच्या नातवा-पणतवांनीही शेवटचा दगड पाहिला नसेल. आणि शेवट काय? 1642 च्या यादवीत शहराने राजाला दार लावले, म्हणून त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स याने 1662 साली तो तट पाडायला लावला.

चेस्टरची तऱ्हा वेगळी. तिथे तटपट्टी आणि तटाची डागडुजी पाहायला खास अंमलदार असत. जवसाच्या झाडाच्या धाग्यापासून विणलेले लिनन कापड आयर्लंडहून येई, त्यावर अठराव्या शतकातही पट्टी घेतली जात होती. शत्रूचे भय तोवर सरले होते, लोक तटावर फिरायला जात होते. गरज सरली तरी पट्टी सहज सरत नाही, ती अशी. मात्र निगा राहिली म्हणून चेस्टरचा सुमारे दोन मैलांचा तट आजही जवळजवळ अखंड उभा आहे, हेही विसरता येणार नाही.

आपल्याकडे शहरांच्या वेशीवर जकात नाके होते, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. मुंबईची जकात 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा बंद झाली. पण पट्टी, फी, वर्गणी या गोष्टी काही संपल्या नाहीत. बाजार समितीची फी असो, पाणीपट्टी असो की गावच्या देवळाची वर्गणी, काही पैसा आपल्याला द्यावाच लागतो आणि तो द्यावाही. सगळ्यांच्या कामाला सगळ्यांचा हात लागल्याशिवाय ते उभे राहत नाही.

मात्र देताना चार प्रश्न विचारायला लाजू नका. हा पैसा कशासाठी? किती दिवस? कुणाकडून किती, याची यादी कुठे लावली आहे? आणि हिशेब कोण तपासतो? साडेसातशे वर्षांपूर्वी एका राजालाही या प्रश्नांसाठी कायदा करावा लागला. मग पावती हातात घेताना आपण ते विचारले, तर कुणाला राग येण्याचे कारण नाही.