भंगारातली हत्यारे आणि कुलूपबंद गाडी

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीयोग्यता निर्देशांका'साठी नेमलेल्या समितीने 2025 च्या मे महिन्यात आपला अहवाल दिला. एखादी वस्तू बिघडल्यावर किती सहज दुरुस्त होईल, हे ग्राहकाला ती विकत घेण्यापूर्वीच अंकांत कळावे, हा या निर्देशांकाचा हेतू. प्रारंभ मोबाईल आणि टॅब्लेटपासून व्हायचा आहे. मोटारगाडी त्यात नाही. वास्तविक याच विभागाने 2022 साली 'दुरुस्तीच्या हक्का'ला हात घातला, तेव्हा निवडलेल्या चार क्षेत्रांत मोटारींचाही समावेश होता. माणशी वाहनसंख्येत देशात आघाडीवर असलेल्या गोव्याने तरी या वगळण्याची दखल घ्यावयास हवी.

दुरुस्तीच्या हक्काची चर्चा बहुधा सुट्या भागांभोवती फिरते. हत्यारांविषयी फारसे कोणी बोलत नाही. म्हापसा, फोंडा वा मडगाव येथील एखाद्या जुन्या गॅरेजच्या भिंतीकडे नीट पाहिले, तर तेथे टांगलेली कित्येक हत्यारे कोणत्याही दुकानात मिळणारी नसतात. ती मेस्ताने स्वतः घडविलेली असतात. नवे बेअरिंग ठोकून बसवायचे, तर त्याच मापाच्या निकामी बेअरिंगचे बाहेरचे कडे घ्यायचे आणि त्याची कड ग्राइंडरवर किंचित उतरवायची, म्हणजे ते घरात अडकून बसत नाही. झाले हत्यार तयार. शिवाय ठोका नेमका जेथे पडायला हवा त्या कड्यावरच पडतो, आतील गोळ्यांना इजा होत नाही. क्लच प्लेट मधोमध बसविण्यासाठी भंगारात गेलेल्या गिअरबॉक्सचा शाफ्ट कापून ठेवलेला असतो. ऑइल फिल्टर सोडविण्यासाठी सायकलची जुनी चेन पाइपच्या तुकड्याला वेल्ड केलेली असते. स्पार्क प्लग खोल खाचेत बसवायचा असेल, तर त्याच्या टोकावर वीतभर रबरी नळी चढवून ती बोटांनी फिरवायची. आटे चुकीचे धरू लागले की नळी प्लगवरून आपोआप घसरते आणि ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे वाचतात. पोलादी पान्याला हा विवेक नसतो.

आपल्या खाऱ्या हवेत ब्रेकचे ड्रम गंजून हबला चिकटतात. अनेक गाड्यांच्या ड्रमवर दोन रिकामी, आटे पाडलेली छिद्रे असतात. त्यांत दोन बोल्ट आळीपाळीने आवळत गेले की ड्रम स्वतःच बाहेर सरकतो. येथे पुलर गाडीतच दिलेला आहे, फक्त तो ओळखता यावा लागतो. जेथे अशी सोय नाही, तेथे दोन पट्ट्या, एक आटेदार सळई आणि दोन नट एवढ्यावर पुलर उभा राहतो. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या वसाहतीत लेथवर एखादा बुश कातून घेतला की मापही काटेकोर मिळते.

या साऱ्याला 'जुगाड' म्हणून कौतुकाने पाठ थोपटण्याची एक रीत अलीकडे रूढ झाली आहे. ती खटकते. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणे. वर सांगितलेल्या प्रत्येक हत्यारामागे जोर कोठे द्यावा, कोठे देऊ नये, याचे पक्के गणित आहे. टॉर्क रेंच नसलेल्या फिटरने बोल्टपासून 1 मीटर अंतरावर आडव्या दांड्याला 10 किलोचे वजन लटकावले, तर बोल्टवर सुमारे 98 न्यूटन-मीटर इतका पीळ पडतो. कित्येक मोटारींच्या चाकांच्या नटांना साधारण एवढाच लागतो. हे पदार्थविज्ञान आहे, आणि आयटीआयच्या अभ्यासक्रमात त्याला सन्मानाने जागा हवी.

अर्थात, सगळेच घरी करू नये. सस्पेन्शनची स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर आणि गाडीखाली शिरताना तिला पेलणारा स्टँड या दोन वस्तूंच्या बाबतीत काटकसर जिवावर बेतते. दबलेली स्प्रिंग सुटली तर ती गोळीसारखी येते, आणि सिमेंटची वीट भाराखाली पूर्वसूचना न देता फुटते. विजेच्या बाबतीतही जुनी सवय घातक ठरू शकते. पूर्वी 12 व्होल्टचा बल्ब आणि दोन तारा एवढ्यावर वायरिंगची तपासणी होत असे. तो बल्ब ओढतो तेवढा प्रवाह आजच्या संगणकाच्या नाजूक मंडलांना सोसत नाही. एअरबॅगच्या वायरिंगला तर तो लावूच नये, कारण पिशवी तोंडावर उघडण्याचा धोका असतो.

मात्र छोट्या गॅरेजपुढचा आजचा खरा प्रश्न निराळा आहे. मागील डिस्क ब्रेकचे पॅड बदलण्याचेच उदाहरण घ्या. साध्या गाडीत पिस्टन मागे रेटायला लोखंडी शिकंजा पुरतो. काही गाड्यांत तो फिरवत आत न्यावा लागतो, त्यासाठी पट्टीवर दोन खुंट्या वेल्ड केल्या की भागते. परंतु विजेवर चालणारा हँडब्रेक असलेल्या बहुतेक नव्या गाड्यांत कॅलिपरवरची मोटर मागे घेण्याचा आदेश आधी संगणकातून द्यावा लागतो. काम तेच, पॅड तेच, हात तेच, पण हत्यार मात्र भंगारातून घडविता येत नाही. डिझेल गाडीचा इंजेक्टर बदलला तर अनेकदा त्याचा संकेतांक संगणकात भरावा लागतो. बाजारात काहीशे रुपयांत मिळणारे कोड वाचणारे यंत्र प्रदूषणाशी निगडित प्रमाणित संकेत दाखवते. ब्रेक, एअरबॅग, किल्ली हा प्रांत बहुधा त्याच्या आवाक्याबाहेर राहतो. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आणि एप्रिल 2023 पासून त्याचा दुसरा टप्पा लागू झाल्यावर गाडीतील संवेदकांचा पसारा वाढला. धूर कमी झाला हे चांगलेच झाले. त्याबरोबर गॅरेजची ताकद हातातून पडद्यावर गेली, आणि तो पडदा कोणाच्या परवानगीने उजळतो हा प्रश्न उरला.

हा प्रश्न देशाला नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार उत्पादकांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात न देता स्वतंत्र गॅरेजांना डावलले जाते, हा आयोगाचा निष्कर्ष होता. ही साधने स्वतंत्र दुरुस्तीकारांना उपलब्ध करावीत आणि बाहेर काम केले म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करू नये, असेही आदेशात होते. पुढे प्रकरण अपिलांत गेले. बातम्या दंडाच्या आकड्यांच्या झाल्या आणि हत्यारांचा मुद्दा मागे पडला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने 2012 साली कायदाच करून उत्पादकांना निदानाची माहिती रास्त दराने बाहेरच्या गॅरेजांना देणे भाग पाडले. आपल्याकडे निकाल आहे, संकेतस्थळ आहे, समित्या आहेत, कायदा नाही.

उत्पादकांचा एक आक्षेप मात्र खरा आहे. किल्लीचा संकेत बदलण्याची सोय सर्वांना खुली केली तर चोरांचे फावेल. त्याचे उत्तर नोंदणीत आहे: ओळख पटलेल्या कारागिराला प्रवेश द्यावा आणि प्रत्येक वापराची नोंद राहावी. ब्रेक पॅड बदलायच्या आदेशात असे कोणते गुपित दडले आहे, हे मात्र कोणी सांगितलेले नाही.

दिल्लीत कायदा होईल तेव्हा होवो. सर्व कंपन्यांच्या गाड्यांवर चालणारा दर्जेदार स्कॅनर एकट्या छोट्या गॅरेजला परवडत नाही. तो आयटीआयच्या कार्यशाळेत ठेवून प्रशिक्षणाच्या वेळेनंतर परिसरातील मेस्तांना माफक शुल्कात वापरू देणे राज्य सरकारच्या हातात आहे. त्यासाठी नवी इमारत नको, फारतर संध्याकाळी दार उघडे ठेवणारा एक निदेशक हवा. आणि त्या बदल्यात मेस्तांनी आठवड्यातून एक तास आपल्या भिंतीवरची हत्यारे घेऊन वर्गात यावे. आज जी मुले आयटीआयमध्ये शिकत आहेत, त्यांतील कित्येकांना कंपनीच्या वर्कशॉपमध्ये डबीतून काढलेला नवा पुलर हाती मिळेल. तो कसा आणि का तसा बनविला आहे, हे त्यांना तेथे कोणी सांगणार नाही.