मनुष्य वाईट, म्हणून सरकार मोठें?

सरकारच्या अधिकारांस मर्यादा असावी असें म्हणणाऱ्यास आमच्याकडे एक ठराविक उत्तर मिळतें. "अहो, तुमचें म्हणणें पुस्तकांत शोभतें, पण मनुष्य मुळांत स्वार्थी. मोकळा सोडला कीं तो शेजाऱ्याचा गळा कापील. त्यास वेसण हवी, आणि ती सरकारनेंच घालावयास हवी." एवढें बोलून वक्ता प्रसन्न मुद्रेनें चहाचा पेला उचलतो, कारण आपण व्यवहारी आणि समोरचा स्वप्नाळू, हें आतां सिद्ध झालें असें त्यास वाटतें. हें उत्तर आम्हीं इतक्या सभ्य घरांतून ऐकलें आहे कीं, त्याचा एकदां नीट परामर्श घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

मनुष्य स्वार्थी आहे, हें आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. आमचा प्रश्न एवढाच कीं, वेसण धरणारे हात कोणाचे? मंत्री, सचिव, निरीक्षक आणि कारकून हे कोणत्या निराळ्या मातीचे घडविलेले असतात? दुकानदाराच्या ठायीं असलेला दोष खुर्चीवर बसतांच झडून जातो, असें मानल्यावांचून वरील युक्तिवाद एक पाऊलहि पुढें सरकत नाहीं. मग स्वप्नाळू कोण? अमेरिकेच्या राज्यघटनेचें समर्थन करतांना १७८८ सालीं जेम्स मॅडिसन याचा रोख हाच होता: प्रजेच्या दुर्गुणांमुळें राज्यसत्तेची गरज उत्पन्न होते हें खरें, परंतु त्याच दुर्गुणांनीं युक्त असे लोक ती चालविणार, म्हणून तिलाहि बांध हवा. ॲडम स्मिथ यास तरी व्यापाऱ्यांविषयीं भाबडा आदर कोठें होता? ते एकत्र जमले कीं भाव चढविण्याचे बेत करतात, हें त्यानें १७७६ सालच्या आपल्या ग्रंथांत स्पष्ट नमूद केलें आहे. तरीहि तो त्यांस बाजारांत मोकळें सोडतो, कारण तेथें गिऱ्हाइकास दुसऱ्या दुकानाची वाट उघडी असते. दुकानदार चुकला तर तोटा बहुधा त्याच्याच पदरीं पडतो. सरकार चुकलें तर तोटा प्रजेचा, आणि चूक मात्र कायद्याच्या पुस्तकांत पन्नास वर्षें सुखानें नांदते.

पन्नास वर्षें हे शब्द आम्हीं अलंकार म्हणून घातलेले नाहींत. मुंबईचा १९४७ चा भाडेनियंत्रणाचा कायदा घ्या. युद्धानें शहर गच्च भरलेलें, फाळणीचे निर्वासित येत असलेले, आणि घरमालक अडलेल्यास नाडीत असलेले. कायदा करणारांचा हेतु निर्मळ होता, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. त्यांनीं १ सप्टेंबर १९४० रोजीं असलेलें भाडें प्रमाण धरलें, आणि कायदा तात्पुरता म्हणून केला. मुदत मात्र पुनःपुन्हां वाढत गेली. विटा, चुना, गवंड्याची मजुरी, सारें वाढलें. भाडें तेथेंच राहिलें. मालकांनीं डागडुजी सोडली. रिकाम्या खोल्यांना कुलुपें लागलीं. भाड्यानें देण्यासाठीं नवी चाळ बांधणें हा वेडेपणा ठरला, आणि पागडी नांवाचा काळा व्यवहार उघड्या डोळ्यांसमोर भरभराटीस आला. मोडकळीस आलेल्या इमारतींसाठीं अखेर १९६९ सालीं सरकारला निराळा कायदा करून दुरुस्ती मंडळ काढावें लागलें आणि त्यासाठीं उपकर बसवावा लागला. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, भाडें असें गोठवून ठेवणें आतां वाजवी राहिलेलें नाहीं, असें मत दिलें. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्यानें वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली. आणि गंमत अशी कीं, जी पागडी पूर्वीच्या कायद्यानें गुन्हा ठरविली होती, तिलाच नव्यानें मान्यता दिली!

हें आम्ही घरमालकाच्या ओसरीवर बसून लिहीत नाहीं. आमचें बालपण गिरगांवांतील एका चाळींत गेलें. आमच्या खोलीचें भाडें वर्तमानपत्राच्या बिलाहून फारसें अधिक नव्हतें, आणि त्या स्वस्ताईवर आमचीं शिक्षणें झालीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. एका पावसाळ्यांत छताचा मोठा पोपडा देवघरासमोर कोसळला. वडील मालकाकडे गेले. मालक म्हणाला, "मास्तर, सगळ्या चाळीचें भाडें एकत्र केलें तरी गवंड्याची आठवड्याची मजुरी निघत नाहीं." वडिलांनीं त्यास लोभी म्हटलें, त्यानें वडिलांस फुकटे म्हटलें. दोघेहि सज्जन होते. पूर्वी दोघे एकाच गणेशोत्सवाच्या मंडपांत शेजारीं बसत. त्या दिवसापासून ते बंद झालें. पुढें आमच्या वडील बंधूंचें लग्न ठरलें, तेव्हां त्या भागांत त्यांस भाड्याची एक खोली मिळेना. पागडी देण्याची ऐपत नव्हती. ते डोंबिवलीस गेले, आणि नोकरीचीं सारीं वर्षें त्यांनीं रोजचे तीन तास लोकलच्या गर्दींत काढलीं. आमच्या स्वस्त भाड्याची किंमत दादांनीं भरली. ती कोणत्याहि सरकारी अहवालांत लिहिलेली नाहीं.

आतां आमच्या पक्षाचे लोकहि चुकतात, हें सांगितलें पाहिजे. हर्बर्ट स्पेन्सर सार्वजनिक आरोग्याची व्यवस्थाहि सरकारकडे देण्यास राजी नव्हता. पटकी कोणाच्या कुंपणापाशीं थांबत नाहीं. येथें आम्ही त्याच्याशीं सहमत नाहीं. याच स्पेन्सरचे आणि मिल्लचे वाचक असलेले आगरकर १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या बाजूनें उभे राहिले, तेव्हां सरकारनें आमच्या रूढींत हात घालूं नये अशी ओरड आमच्याकडेच झाली होती. संमतीचें वय दहावरून बारावर नेणारा तो कायदा! आगरकरांनीं स्वातंत्र्याशीं द्रोह केला असें आम्हांस वाटत नाहीं. त्या मुलीच्या देहावर दुसऱ्याची सत्ता चालत होती. ती रोखणें हेंच सरकारचें पहिलें काम. तें काम आणि खोलीचें भाडें ठरविण्याचें काम यांत जो भेद आहे, त्याचाच आमचा आग्रह आहे.

राहिला दुसरा आक्षेप, कीं आम्ही श्रीमंतांचे वकील. १९५१ च्या औद्योगिक कायद्यानें कारखान्यास परवाना लागूं लागला, तेव्हां दिल्लीच्या कचेऱ्यांत माणसें बसवून परवाने कोणीं मिळविले? लहान कारखानदारानें कीं बड्या घराण्यांनीं? १९९१ सालीं बहुतेक परवाने उठले, तेव्हां विदेशी स्पर्धेपासून संरक्षण द्या, अशी मागणी घेऊन पुढें आलेले लोक झोपडींतले नव्हते.

स्वार्थी मनुष्यास वेसण हवी म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनीं आतां एवढें सांगावें: वेसण धरणाऱ्याची चूक झाली, तर ती दुरुस्त होण्यास त्यांच्या मतें किती वर्षें लागावींत, आणि तोंवर आमच्या दादांनीं कोठें राहावें?