‘जमलं तर’ची गुप्तता आपल्याला चालेल?



आमच्या सल्लाकेंद्राच्या बैठकीत मी एक विषय काढला आणि दोघीतिघी चक्क हसल्या. विषय होता, आपल्या केंद्राचा मेल सर्व्हर बाहेर जी पत्रं पाठवतो ती कुलपातून जातात की उघडी? “अगं, हे त्या कॉम्प्युटरवाल्याला विचार. इथे केसेस काय कमी आहेत?” एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली. माझं म्हणणं एवढंच, की हा विषय केसेसचाच आहे.

आपण काय काय पाठवतो ते आठवून बघा. वकीलबाईंना अर्जाचा कच्चा मसुदा, मारहाणीच्या खुणांचे फोटो, दवाखान्याचे कागद. निवारागृहाला निरोप, ‘आज रात्री एक बाई व दोन मुलं येत आहेत.’ तिला शोधत फिरणाऱ्या नवऱ्याला हवं ते सगळं त्या एका ओळीत असतं. केंद्रात आपण दार लावून बोलतो, नोंदवही कपाटात ठेवतो. आणि तोच मजकूर पोस्टकार्डावर लिहून गावभर फिरू देतो!

पोस्टकार्ड म्हणते ते उगाच नाही. ईमेल पाठवण्याची पद्धत, एसएमटीपी, १९८२ साली लिहिली गेली. तीत पत्र एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे साध्या मजकुरात जाई, वाटेतली यंत्रणा ज्याच्या ताब्यात तो ते वाचू शके. ‘स्टार्ट टीएलएस’ ही सोय १९९९ साली आली. समोरचा सर्व्हर सांगतो, ‘माझ्याकडे कुलूप आहे.’ आपल्या सर्व्हरने ते स्वीकारलं तर पुढचं सगळं सांकेतिक रूपात जातं. पण हे सगळं ऐच्छिक! शिवाय ते पहिलं वाक्य उघडंच येतं. मधे बसलेल्याने ते पुसून टाकलं, तर पत्र निमूटपणे उघडं जातं आणि पाठवणारीला पत्ताही लागत नाही.

आमचं काय चाललंय ते मी स्वतः पाहिलं. आपण पाठवलेलं पत्र ज्या मैत्रिणीला मिळालं, तिच्याकडे त्याचं मूळ रूप उघडायचं. ‘रिसिव्ह्ड’ने सुरू होणाऱ्या ओळींत ‘ईएसएमटीपीएस’ दिसलं तर तो टप्पा कुलपातून झाला. आमच्या पत्रांत शेवटचा ‘एस’ नव्हता. सर्व्हर बसवणाऱ्या गृहस्थांना विचारलं तर म्हणाले, “मॅडम, पत्रं पोचतायत ना? मग झालं!”

पोचतायत, हे खरं. पण कोणाकोणाच्या नजरेखालून?

आमचा सर्व्हर पोस्टफिक्सवर चालतो. त्यात बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या कुलपासाठी एक ओळ लिहावी लागते, ती लिहिलेलीच नव्हती. आपल्याला पत्रं पाठवण्यापुरतं प्रमाणपत्रसुद्धा विकत घ्यावं लागत नाही. म्हणजे अडचण पैशाची नव्हती, कोणी विचारलं नाही ही होती. ओळ लिहिली आणि तिच्यापुढे शब्द आला ‘मे’. म्हणजे जमलं तर कुलूप, नाहीतर उघडं.

‘जमलं तर’ हे शब्द आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत. जमलं तर तक्रार नोंदवू. जमलं तर पोटगी देईन. मथुरा प्रकरणानंतर देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३ साली कायदा बदलला आणि बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं गुन्हा ठरला. आज ते कलम भारतीय न्याय संहितेत ७२ वं आहे. जी गुप्तता आपण लढून मिळवली, ती आपल्याच कार्यालयात ‘जमलं तर’वर सोडायची?

सगळ्यांसाठी सक्ती करा असं मी म्हणत नाही. काही जुन्या कार्यालयांकडे कुलूपच नसतं, तिकडची पत्रं अडकतील. तिथे ‘मे’ राहू दे. पण वकील, निवारागृह, दवाखाना यांच्या पत्त्यांना वेगळा नियम लावता येतो. ‘एन्क्रिप्ट’ लिहिलं की कुलपाशिवाय पत्र जात नाही, ‘सिक्युअर’ लिहिलं की समोरचा सर्व्हर खरा आहे का हेही तपासलं जातं. जमलं नाही तर पत्र रांगेत थांबतं. थांबू दे! फोन करा, रिक्षाने जा. आणि आपल्या टेबलापासून आपल्या सर्व्हरपर्यंतचा टप्पा तर पूर्ण आपल्याच हातात आहे, तिथे सक्तीच हवी.

“आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?” असंही एकीने विचारलं. आपल्याकडे नसेलही, बाई. तिच्याकडे आहे, आणि तिने ते विश्वासाने आपल्याकडे ठेवलं आहे.

एवढ्याने सगळं साधतं असंही नाही. हे कुलूप वाटेपुरतं आहे. दोन्ही टोकांच्या सर्व्हरवर पत्र वाचता येतं, आणि घरातला एकच फोन नवऱ्याच्या हातात असेल तर कुठलंच कुलूप कामाचं नाही. म्हणून तिला काय, कुठे पाठवायचं हे आधी तिलाच विचारायला हवं.

पण निदान आपल्या हातात आहे तेवढं तरी करू या. पुढच्या बैठकीत तुमच्या गटात विचारा: आपली पत्रं कुलपातून जातात का? कोणत्या पत्त्यांना सक्ती आहे? हे कोणी, कधी तपासलं? उत्तर द्यायला ‘कॉम्प्युटरवाला’ लागत असेल, तर त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसा आणि शिकून घ्या. पंचनामा वाचायला आपण अशाच शिकलो होतो.