आधी प्रश्न टिपा, मग संगणक बसवा

दवाखान्यातली नवी संगणकप्रणाली फसली की एक पालुपद हमखास ऐकू येते, ‘डॉक्टरांनाच संगणक नको असतो.’ हे मला साफ अमान्य आहे. तेच डॉक्टर भर ओपीडीत अडले की मोबाइलवर औषधाचा डोस बघतात, वरिष्ठांना व्हॉट्सअ‍ॅपवर ईसीजी पाठवतात. त्यांना माहिती हवीच असते. प्रणाली मात्र रुग्णाचा आभा (डिजिटल आरोग्य खाते) क्रमांक, पत्ता, आजाराचा कोड अशी त्यांच्याकडूनच माहिती मागत राहते.

दुसरा युक्तिवाद असा की, ‘आम्ही डॉक्टरांची बैठक घेऊन विचारले होते.’ पण बैठकीत आठवून सांगितलेली गरज वेगळी आणि रुग्णासमोर पडणारा प्रश्न वेगळा. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकी संशोधक कोव्हेल व सहकाऱ्यांनी 47 डॉक्टरांच्या अर्ध्या दिवसाच्या ओपीडीतले प्रश्न नोंदवले. ते निघाले 269, आणि बहुतेक समोरच्या त्या एका रुग्णाशी बांधलेले. रुग्ण समोर असेतो उत्तर मिळाले फक्त 30 टक्क्यांना, तेही बहुधा दुसऱ्या डॉक्टरकडून.

‘आता एआय सगळे सांगेल,’ हा तिसरा दावा. कल्याणजवळच्या आंबिवलीतल्या दवाखान्यात या. 2009 मध्ये बंद पडलेल्या एनआरसी कंपनीतला मोहोन्याचा म्हातारा कामगार प्लॅस्टिकच्या पिशवीतून गोळ्यांची कापलेली पट्टी काढतो. औषधाचे नाव कापलेल्या भागात गेलेले असते. रक्ताचा मागचा रिपोर्ट मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात राहिलेला. ही गोळी कोणती, मागच्या वेळी क्रिएटिनिन किती होते, हे जगातली सगळी पुस्तके पाठ असलेले यंत्रही सांगू शकणार नाही.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. पहिल्याच पडद्यावर चालू औषधे, अ‍ॅलर्जी आणि मागचे रिपोर्ट दिसावेत. 2021 च्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने रुग्णाच्या संमतीने नोंदी जोडण्याची वाट खुली केली आहे, ती इथवर आणा. उत्तर दोन मिनिटांच्या आत मिळावे, कारण गर्दीच्या ओपीडीत त्याहून जास्त वेळ कोणाकडेच नसतो. आणि अनुत्तरित प्रश्नही जपून ठेवा. महाडच्या परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांना वाचवताना डॉ. हिंमतराव बावस्करांना जे प्रश्न पडले, त्यांच्या पाठपुराव्यातूनच प्राझोसिन या औषधाचा उपचार उभा राहिला.

प्रणालीच्या निविदेत पहिली अट हीच हवी, की बनवणाऱ्याने आधी ओपीडीत डॉक्टरांशेजारी बसून त्यांचे प्रश्न वहीत टिपावेत. ती वही दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.